ताजमहाल हॉटेल : आख्यायिका आणि इतिहास

मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलबद्दल दोन गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात. हावडा-मुंबई लोहमार्गावरच्या आमच्या सालेकशातही मुलांना त्या ठाऊक असतात. पहिली अशी, की गोऱ्यांच्या वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारल्यामुळे जमशेटजी टाटांनी चिडून ताज उभारले. दुसरी अशी, की इमारत उलट्या तोंडाने बांधली गेल्याचे पाहून वास्तुविशारदाने आत्महत्या केली.

पहिल्या गोष्टीबद्दल इतिहासकार साशंक आहेत. १८९६ च्या प्लेगने मुंबईची रया गेली होती. जमशेटजींचे स्नेही, पत्रकार लोव्हॅट फ्रेझर यांनी लिहून ठेवले आहे, की हॉटेलचा मालक होण्याची जमशेटजींना हौस नव्हती. लोकांनी हिंदुस्थानात यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरी गोष्ट तर निराधारच आहे. टांगे-बग्ग्या शहराच्या बाजूने येत, म्हणून प्रवेशद्वार तिकडे ठेवले. समुद्राकडचा वारा आणि देखावा पाहुण्यांच्या खोल्यांना मिळाला.

या आख्यायिकांच्या गर्दीत खरी नावे मात्र हरवली. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० मध्ये वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने काम पूर्णत्वास नेले. कंत्राटदार होते खानसाहेब सोराबजी रतनजी. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झाले, तेव्हा गेटवे ऑफ इंडिया नव्हता. तो १९२४ मध्ये खुला झाला. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलचे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले होते.

या बांधणीला 'इंडो-सारसेनिक' म्हणतात. 'सारसेन' हा मध्ययुगीन युरोपने मुसलमानांसाठी वापरलेला शब्द. ताजचे घुमट व कमानी त्या परंपरेतून आल्या, झरोके राजपुतान्याची आठवण देतात आणि बाकी बरेच काही युरोपचे आहे. 'मिर्झा' हे नाव वाचून त्यांना आपल्यात ओढण्याची घाईही नको. पारशी समाजातही हे आडनाव आहे. वास्तू कोणा एका समाजाची नसते.

नोव्हेंबर २००८ मध्ये याच घुमटाखालून धुराचे लोट निघाले. मुंबईवरील त्या हल्ल्यात मुसलमानही मारले गेले. तरी पुढे कित्येक दिवस आपल्याकडे संशयाने पाहिले गेले. त्या वेळी मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा नाकारली. निरपराधांचे रक्त सांडणाऱ्यांशी आपला संबंध नाही, ही त्यांची ठाम भूमिका होती. २०१० मध्ये दुरुस्त झालेली जुनी इमारत पुन्हा उघडली.

मुलांना वॉटसनचा अपमान अवश्य सांगावा, पण आख्यायिका म्हणून. इतिहास म्हणून सांगायचे, तर वैद्य, मिर्झा व सोराबजी यांची नावे सांगावीत, आणि त्या विश्वस्तांचा नकारही.