शाळाबदल आणि रेल्वे : पालघरच्या एका क्रिकेटपटूच्या घडणीचा इतिहास

खेळाडूच्या घडणीविषयी लिहिताना उपजत गुण, परिश्रम आणि गुरूचे मार्गदर्शन यांचा उल्लेख हमखास होतो. शाळेचा दाखला, गाडीचे वेळापत्रक आणि राहण्याची सोय या बाबी मात्र किरकोळ तपशील म्हणून मागे पडतात. प्रस्तुत लेखात शार्दुल ठाकूर यांच्या पालघर-बोईसर परिसरातून मुंबईच्या रणजी संघापर्यंतच्या वाटचालीचा विचार या दुसऱ्या बाजूने केला आहे. यशस्वी खेळाडूचे बालपण नेहमी त्याच्या पुढील कीर्तीच्या प्रकाशात सांगितले जाते, हे भान येथे ठेवणे आवश्यक आहे.

पालघर हे चर्चगेटपासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावरील स्थानक. बोईसर त्याच्याही पुढे. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. १९६९ मध्ये तारापूरचे अणुऊर्जा केंद्र कार्यान्वित झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि बागायती व मासेमारीवर जगणाऱ्या या किनारपट्टीत नोकरदार कुटुंबांची भर पडली. क्रिकेटच्या निवडीपुरता हा परिसर मुंबईतच मोडत असे; अंतराच्या हिशेबात मात्र तो मुंबईबाहेरच होता. शालेय स्पर्धांचे प्रतिष्ठेचे सामने दक्षिण मुंबईच्या मैदानांवर होत आणि विरारपलीकडून येणाऱ्या मुलाला पहाटेची गाडी धरल्यावाचून गत्यंतर नसे.

ठाकूर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९९१ चा. कुटुंब पालघरजवळच्या माहीम गावचे, शेती करणारे. तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्धच्या एका सामन्यात त्यांनी फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्ही अंगांनी छाप पाडली. प्रतिस्पर्धी शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी या मुलाला आपल्या शाळेत पाठवावे, असे त्याच्या वडिलांना सुचविले. वडिलांची अडचण रास्त होती. वर्ष दहावीचे होते आणि रोजच्या प्रवासातच कित्येक तास जाणार होते. आपल्याकडे कोणत्याही घरात हा आक्षेप निर्णायक ठरला असता. तो दूर झाला तो लाड दांपत्याने मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेतल्यामुळे. प्रशिक्षकाच्या पत्नीचा होकार या साऱ्या प्रकरणात किती मोलाचा होता, याची नोंद क्रीडावृत्तांत क्वचितच ठळकपणे घेतली जाते.

ही घटना अपवादात्मक वाटली तरी मुंबईच्या क्रिकेटमध्ये तिला परंपरा आहे. रमाकांत आचरेकर यांच्या सूचनेवरून सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात गेले आणि शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिले. लाड यांनीच त्यापूर्वी रोहित शर्मा यांना शाळाबदल करावयास लावून त्यांची फी माफ करवून घेतली होती. तिन्ही उदाहरणांत शाळाबदलाला कोणत्यातरी आधाराची जोड मिळालेली दिसते : कोठे नातेवाइकांचे घर, कोठे फीमाफी, कोठे प्रशिक्षकाचे घर. हा आधार व्यवस्थेने पुरविलेला नव्हता. तो व्यक्तिगत सौजन्यावर अवलंबून होता आणि म्हणूनच तो फार थोड्यांना लाभला. तारापूरच्या त्या संघातील उरलेल्या मुलांचा इतिहास लिहिला जाणार नाही, याचे कारण त्यांच्या गुणवत्तेतच शोधणे घाईचे ठरेल.

नव्या शाळेने ठाकूर यांना हॅरिस शील्डचे व्यासपीठ दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या स्पर्धेतच १९८८ मध्ये तेंडुलकर-कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी झाली होती. येथील कामगिरी वृत्तपत्रांत छापून येई आणि निवड समितीच्या कानी जाई. २००६ च्या सुमारास ठाकूर यांनी शालेय सामन्यात एका षटकात सहा षटकार मारले. तेच फटके तालुक्याच्या मैदानावर मारले असते, तर ते गावच्या आठवणीपुरतेच उरले असते.

या वाटचालीत महाविद्यालयाचे स्थान कोठे, हा प्रश्न आपणा अध्यापकांना टाळता येणार नाही. अमेरिकेत बास्केटबॉल खेळणारा मुलगा शाळेतून महाविद्यालयीन संघात आणि तेथून व्यावसायिक संघात जातो. २००६ पासून तेथील व्यावसायिक संघटनेने निवडीसाठी किमान १९ वर्षे वयाची अट घातल्याने ही मधली पायरी अधिकच पक्की झाली. आपल्याकडेही अशी पायरी होती. १९३५ मध्ये सुरू झालेल्या आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया करंडकातून सुनील गावसकर यांच्यासारखे खेळाडू पुढे आले. परंतु १९८८ च्या डिसेंबरात तेंडुलकर पंधराव्या वर्षी थेट रणजी सामना खेळले आणि शाळा, क्लब व वयोगटाचे संघ हाच राजमार्ग असल्याचे अधोरेखित झाले. महाविद्यालयाकडे उरली ती हजेरीची सवलत आणि परीक्षेची सोय.

ठाकूर यांचे रणजी पदार्पण नोव्हेंबर २०१२ मध्ये जयपूर येथे राजस्थानविरुद्ध झाले. आरंभ निराशाजनक होता; पहिल्या चार सामन्यांत अवघे ४ बळी. २०१४-१५ च्या हंगामात मात्र ४८ आणि पुढील हंगामात ४१ बळी मिळाले. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्यात सौराष्ट्राविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी ८ गडी बाद केले आणि मुंबईने एकेचाळिसाव्यांदा करंडक जिंकला. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबाद येथील पहिल्या कसोटीत दहा चेंडूंनंतरच दुखापतीने त्यांना मैदान सोडावे लागले. दुसरी कसोटी जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनची : सामन्यात ७ बळी, पहिल्या डावात ६७ धावा आणि वॉशिंग्टन सुंदर यांच्यासह १२३ धावांची भागीदारी.

विरारपर्यंत थांबणारी उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली ती एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे ठाकूर यांच्या रणजी पदार्पणानंतर पाच महिन्यांनी. त्यांच्या शालेय वयात विरारपुढे शटल आणि पॅसेंजर गाड्यांवरच भिस्त होती. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याहून परतल्यावर ते विमानतळावरून अंधेरीला आले आणि तेथून लोकलने पालघरला गेले. डब्यातील काही मुलांनी मोबाइलवर त्यांची छायाचित्रे शोधून समोरचा प्रवासी तोच आहे याची खात्री करून घेतली.