तळटीप : ‘मुळशीच्या शिप्रा-पुवा’

* शिप्रा-पुवा : मुळशी सत्याग्रहातल्या बायकांना लेखकाने दिलेली ही उपमा यहुदी धर्मग्रंथातल्या ‘निर्गम’ या भागातली आहे. इब्री बाईला मुलगा झाला तर तो जन्मताच मारा, असा हुकूम मिसरच्या राजाने या दोन सुइणींना दिला. त्यांनी तो पाळला नाही. जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, इब्री बायका दणकट, सुईण पोचण्याआधीच बाळंत होतात. त्या राजाचे नाव ग्रंथात नाही, सुइणींची आहेत. मला हे फार मोलाचे वाटते. राजाचा नियम मोडणाऱ्या बायकांत याच धर्मग्रंथातली एस्तेर राणी अधिक परिचित. न बोलावता राजापुढे जाणे म्हणजे मरण, तरी तीन दिवस उपास करून ती गेली. तिची आठवण जागवणाऱ्या पुरीम या सणाला आपल्याकडचे बेने इस्राएल यहुदी ‘होळीचा सण’ म्हणत. पण एस्तेरला राजवाडा होता. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मावळातल्या बायकांकडे बुडू घातलेली भातखाचरे होती, म्हणून सुइणींची उपमाच मला अधिक पटते. या बायकांची नावे सत्याग्रहाच्या इतिहासात फार थोडी येतात. वाचकांच्या घरी अशा एखाद्या पणजीची आठवण असेल, तर पुढच्या आवृत्तीसाठी जरूर कळवावी. – संपा.