मजकूर-मांडणी व मुद्रण प्रोग्रॅम (घरगुती संगणकांचा)

सलग टंकलेल्या मजकुराच्या ओळी पाडणारा, समास व पाने राखणारा आणि तो प्रिंटरवर उतरवणारा प्रोग्रॅम. टंकताना दिसणारी ओळ आणि कागदावर उमटणारी ओळ एकच असण्याची गरज नाही, या कल्पनेवर त्याची सारी आखणी उभी आहे.

ही कल्पना घरगुती संगणकांहून जुनी आहे. १९६४ मध्ये एमआयटीतील जेरोम सॉल्ट्झर यांनी सीटीएसएस या संगणकप्रणालीसाठी रनऑफ हा प्रोग्रॅम लिहिला. ओळीच्या आरंभी टिंब असले की ती आज्ञा, नसले की मजकूर, एवढीच त्याची रीत. युनिक्सवरील रॉफ आणि एनरॉफ यांनी ती उचलली आणि पुढे वर्डस्टार या लेखनप्रोग्रॅमच्या ‘डॉट कमांड’मधून ती घराघरांत पोचली. घरगुती संगणकावरील पहिला लेखनप्रोग्रॅम मात्र साधारणपणे मायकेल श्रेअर यांचा इलेक्ट्रिक पेन्सिल (१९७६) मानला जातो. आपल्याच एका प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका टाइपरायटरऐवजी ऑल्टेअर संगणकावर लिहिता यावी, या गरजेतून तो जन्मला.

आखणी कागदापासून सुरू करणेच उत्तम. त्या काळच्या प्रिंटरवर एका इंचात ६ ओळी आणि १० अक्षरे बसत. म्हणजे ११ इंची अमेरिकी कागदावर ६६ ओळी. वर्डस्टार (१९७८-७९) त्यांपैकी वरच्या ३ आणि खालच्या ८ मोकळ्या सोडी, मजकुराला ५५ उरत. भारतात १२ इंची सलग कागदही सर्रास वापरला जाई, त्यावर ७२ ओळी. म्हणून पानाची लांबी प्रोग्रॅममध्ये पक्की कोरून ठेवणे ही मोठी चूक ठरते. पानामागे एक ओळ जरी चुकली, तरी दहाव्या पानापर्यंत मजकूर कागदाच्या छिद्ररेषेवरून पलीकडे गेलेला असतो.

स्मृतीचा हिशोबही कागदावरच करता येतो. ६५ अक्षरांच्या ५५ ओळी म्हणजे सुमारे साडेतीन हजार बाइट. प्रोग्रॅमची जागा वजा जाता २४ किलोबाइट उरले, तर जेमतेम सात पाने एका वेळी मावतात. त्यामुळे मोठे लेखन तुकड्यांत साठवावे लागते आणि छापताना एक फाइल संपताच पुढची उघडून पानांचे क्रमांक न तुटता चालू ठेवावे लागतात. प्रोग्रॅम स्वतः किती लहान असू शकतो, याचा सुंदर नमुना म्हणजे स्पीडस्क्रिप्ट. कमोडोर ६४ साठीचा हा जेमतेम ५ किलोबाइटचा प्रोग्रॅम चार्ल्स ब्रॅनन यांनी लिहिला; जानेवारी १९८४ मध्ये तो एका मासिकात आकड्यांच्या रूपात छापला गेला आणि वाचकांनी ते आकडे स्वतः टंकून घेतले.

पडद्याची अडचण वेगळीच. मूळच्या ॲपल टू संगणकावर ४० अक्षरांच्या २४ ओळी दिसत, त्याही फक्त मोठ्या लिपीतील रोमन अक्षरांत. छापील ओळ पडद्यावर मावतच नव्हती, म्हणून मजकुरात आज्ञा पेरण्याची रीत टिकून राहिली.

ओळ पाडण्याचे काम दिसते तितके अवघड नाही: शब्द मोजत जायचे, पुढचा शब्द समासाबाहेर जाऊ लागला की ओळ संपवायची. उजवा समास जुळवताना उरलेल्या जागा शब्दांमध्ये वाटायच्या असतात. त्या नेहमी डावीकडूनच वाटल्या तर पानाच्या एका अंगाला पांढरे ओघळ दिसतात, म्हणून एनरॉफ एका ओळीत डावीकडून, पुढच्या ओळीत उजवीकडून वाटतो. परिच्छेदाचा शेवट आणि प्रोग्रॅमने पाडलेली ओळ यांत फरक राखणे अत्यावश्यक आहे. वर्डस्टारने त्यासाठी बाइटमधील आठवा बिट वापरला. शब्दांच्या शेवटच्या अक्षरांवरही तो हाच बिट लावी. परिणामी त्याच्या फाइली इतर प्रोग्रॅममध्ये उघडल्या की ती अक्षरे विचित्र दिसत.

प्रिंटरची भाषा मात्र दरवेळी नवी असे. एप्सन एमएक्स-८० (१९८०) ला २७ आणि ६९ हे दोन बाइट पाठवले की ठळक छपाई सुरू होई, १५ पाठवला की बारीक. दुसऱ्या कंपनीचा प्रिंटर त्याच बाइटांचा भलताच अर्थ लावू शके. काही प्रिंटर ओळीअखेर कागद आपणहून सरकवत. संगणकानेही कागद सरकवण्याचा संकेत पाठवला की प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी पडे. यासाठी मजकुरात ‘इथून ठळक’ एवढेच नोंदवावे आणि प्रत्यक्ष बाइट वेगळ्या तक्त्यात ठेवावेत. प्रिंटर बदलला की तक्ता बदलतो, लेखन अबाधित राहते. या प्रोग्रॅमच्या आखणीतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच म्हणता येईल.

एक बाइट म्हणजे एक अक्षर म्हणजे एक रकाना, हे या सगळ्यांमागचे गृहीतक देवनागरीत कोसळते. भारतीय लिपींसाठीच्या १९९१ च्या इस्की या संकेतप्रमाणानुसार ‘स्त्री’ साठवायला सहा संकेत लागतात, पण कागदावर जोडाक्षर एकच. ‘कि’ मधील वेलांटी साठवली जाते ‘क’ नंतर, उमटते आधी. नऊ सुयांच्या प्रिंटरवर वरची मात्रा आणि खालचा उकार एका फेरीत नीट बसत नाहीत. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डाद्वारे देवनागरी संगणकावर आणली; मूळ तंत्र आयआयटी कानपूरचे. मराठीसाठी असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ओळीची रुंदी बाइटांवरून न मोजता प्रत्येक जोडाक्षराच्या छापील रुंदीवरून मोजावी लागते, आणि ओळ तुटताना जोडाक्षर मधोमध फुटणार नाही याची वेगळी तपासणी ठेवावी लागते.