डोंगरी शेतीतील मृदा-सुपीकता (भोर-वेल्हे)

डोंगरी शेतीतील मृदा-सुपीकता : सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, पुणे जिल्ह्याच्या भोर व वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत, चढउताराच्या जमिनींचा कस राखण्यासाठी रूढ असलेल्या जुन्या-नव्या पद्धतींचा समुच्चय. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे आणि मोसे खोरे हा त्याचा प्रदेश. घाटमाथ्याशी ३,००० मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस काही कोस पूर्वेस येताच हजाराच्याही खाली उतरतो. त्यामुळे एकाच तालुक्यात पश्चिमेकडे अतिवृष्टीने धुपलेली तांबडी माती, तर पूर्वेकडे ज्वारी-बाजरीची जिरायत असे दोन निराळे शेतीधर्म नांदतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः पश्चिमेकडील भातपट्ट्याविषयी आहे.

काळ्या पाषाणापासून झालेली ही माती मूलतः दरिद्री नव्हे. परंतु दरसालच्या पर्जन्याने तिच्यातील चुना, मॅग्नेशियम व पालाश धुऊन नेले, लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली आणि माती आम्ल झाली. अशा मातीत स्फुरद घातले तरी ते या संयुगांशी जखडले जाऊन पिकाच्या मुळांना अल्पच लाभते. भातखाचरात मात्र पाणी तुंबताच हवा कोंडते, लोहाचे रूप पालटते, आम्लता निवळते आणि जखडलेल्या स्फुरदाचा काही अंश मोकळा होतो. म्हणजे बांध घालून पाणी अडविणे व चिखलणी करणे ही केवळ पाण्याची नव्हे, तर खताचीही व्यवस्था आहे, हे शेतकऱ्याने रसायनशास्त्र जन्मण्यापूर्वीच अनुभवाने जाणले होते.

खाचराचा कस खाचरात निर्माण होत नाही, तो वरच्या डोंगरातून येतो, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून या शेतीचा हिशेब लागत नाही. महसुली दफ्तरात भात व वरकस असे जमिनीचे जे वर्ग लागले, त्यांतील वरकस ही उतारावरची हलकी, मुरमाड जमीन. तीवर पहिल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरई, पुढे कारळा (खुरासणी) घेऊन नंतर ती काही वर्षे पड ठेवीत. या पडीच्या काळात वाढलेले गवत व झुडपांचे टहाळ खालच्या भातरोपांच्या कामी येई. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमातही वरकस जमिनीची ओळख भातशेतीच्या राबासाठी उपयोगी जमीन अशीच दिलेली आहे. डोंगर व खाचर यांचे नाते कायद्याने इतक्या स्पष्टपणे मान्य केल्याची उदाहरणे विरळा.

राब हा या व्यवस्थेचा गाभा होय. माघ-फाल्गुनात, रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर प्रथम शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळादी झाडांचे वाळलेले टहाळ, त्यावर पातेरा व गवत आणि सर्वांच्या वर बारीक मातीचे आच्छादन घालून, वारा पडलेला पाहून, वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूने विस्तव लावतात, जेणेकरून आग वाऱ्याविरुद्ध सरकत राहते आणि मातीखाली भडका न होता सावकाश धुमसते. वरची माती नसेल तर राख पहिल्याच वावटळीत उडते. या भाजणीने तणांचे बी मरते, पालाश व चुना राखेतून मिळतो, आणि तापलेल्या मातीतील सेंद्रिय नत्राचा काही भाग रोपांना घेता येईल अशा रूपात येतो. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीचा केलेला सविस्तर अभ्यास १९१२ साली प्रसिद्ध झाला. जंगलखात्याच्या दृष्टीने टहाळ तोडणारा कुणबी वृक्षांचा वैरी ठरला. मात्र नुसती बंदी घालून त्याच्या रोपांना खत कोठून मिळावे, याचा विचार त्या काळच्या हुकुमांत फारसा आढळत नाही. राबातही दोष आहेतच : पाल्यातील बहुतेक नत्र व कर्ब धुरावाटे जातो, आणि मूठभर रोपवाटिकेसाठी मोठ्या डोंगराचा पाला लागतो.

ही घडी विसाव्या शतकात मोडली. १९२८ साली भाटघरचे लॉईड धरण पुरे झाले, पुढे पानशेत व वरसगाव आली; नदीकाठची उत्तम खाचरे जलाशयात गेली आणि पाणी कालव्यांनी खालच्या मुलखात वाहू लागले. विस्थापितांपैकी काही कुटुंबे उतारावर सरकली. पानशेत परिसरात धरणाच्या रस्त्यांबरोबर कोळशाचा व्यापारही शिरला व टेकड्या बोडक्या झाल्या, हे माधव गाडगीळ यांनी नमूद केले आहे. पडीची वर्षे कमी झाली, गुरे घटली, उकिरडे लहान झाले, आणि कसाचा भार खताच्या गोणीवर आला.

गोणीची अडचण अशी की, पाणी एका खाचरातून खालच्या खाचरात सोडण्याची रीत असल्याने वरच्या भावकीने फेकलेला युरिया पुष्कळदा खालच्या भावकीच्या भातालाच मानवतो. यावर डॉ. नारायण सावंत यांनी सुचविलेली चारसूत्री पद्धत विशेष उपयोगी ठरली : भाताचे तूस व पेंढा जमिनीला परत द्यावा, बांधावरील गिरिपुष्पाचा (उंदीरमारीचा) हिरवा पाला चिखलणीत गाडावा, रोपे १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावावीत, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची सुमारे पावणेतीन ग्रॅमची एक गोळी हाताने खोल खोचावी. गोळी खोलवर, हवेविरहित चिखलात राहिल्याने नत्र ना उडून जाते, ना पाण्याबरोबर वाहते. तुसातून सिलिका मिळते व भाताचे ताट ताठ राहते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेली इंद्रायणी जात या भागात रुळली आहे, तिलाही ही मात्रा मानवते. परंतु ओणव्याने गोळ्या खोचण्यास मजूर लागतात, आणि पुण्याच्या कारखानदारीने मजूर महाग केले आहेत.

भातकापणीनंतर ओलीवर घेतला जाणारा वाल, हरभरा किंवा मसूर हा द्विदल असल्याने नत्राचा एक फुकटचा हप्ता देतो. पूर्व भागात शेतात धनगरांच्या मेंढ्या बसविण्याचा रिवाज असून, रात्रभराच्या लेंडी-मुतासाठी शेतकरी धान्य देत असे, आता रोख देतो.

उतारावरील धूप रोखण्यासाठी दगडी ताली घालतात. जिल्ह्याच्याच उत्तरेस, आंबेगावच्या डोंगरी भागात, परस्परांच्या श्रमाने उतारावर खाचरे पाडण्याच्या परंपरेस पडकई म्हणतात. तालीवाचून वाहून गेलेली माती अखेर धरणांत साचते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या अशा गाळपेर जमिनी पाटबंधारे खाते मुदतीच्या पट्ट्याने लागवडीस देते, त्यासाठी अर्ज करून खंड भरावा लागतो.