इलेक्ट्रॉनच्या 'स्पिन'ला पृष्ठभागावर वेसण

गाभा विद्युतरोधक आणि पृष्ठभाग सुवाहक, अशा दुहेरी स्वभावाच्या स्फटिकांना 'टोपोलॉजिकल इन्सुलेटर' म्हणतात. येथे धातूचा वेगळा मुलामा नसतो. वरचा थर खरवडून काढला, तरी उघडा पडलेला नवा पृष्ठभागही वीज वाहून नेतो.

टोपोलॉजी ही आकारांचे मूलभूत गुणधर्म अभ्यासणारी गणिताची शाखा. तिच्या दृष्टीने मेदूवडा आणि कान असलेला कप सारखेच, कारण दोघांनाही एकच छिद्र. बटाटेवडा मात्र वेगळा. भोक पाडल्यावाचून त्याचा मेदूवडा होणार नाही. या स्फटिकांतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांची रचनाही साध्या विद्युतरोधकापेक्षा अशीच मुळातून भिन्न असते. हा भेद ओलांडताना सीमेवर ऊर्जेची दरी मिटावीच लागते; म्हणून पृष्ठभाग सुवाहक होतो.

'स्पिन' या गुणधर्मामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. साध्या तांब्याच्या तारेत हे स्पिन कोणत्याही दिशेला असतात. टोपोलॉजिकल पृष्ठभागावर मात्र स्पिन इलेक्ट्रॉनच्या गतीशी काटकोनात जखडलेला असतो. गती उलटली की स्पिनही उलटतो. याचाच अर्थ, चुंबकाच्या मदतीविना केवळ विद्युतप्रवाहाची दिशा बदलून स्पिनचे नियंत्रण शक्य होते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चार्ल्स केन व सहकाऱ्याने २००५ मध्ये या पदार्थांच्या सिद्धांताचा पाया घातला. २००७ मध्ये जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठात अतिपातळ थरांत त्याचा प्रत्यय आला. २००९ मध्ये बिस्मथ सेलेनाइड पुढे आले. त्यातील ऊर्जेची दरी सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सामान्य तापमानाच्या उष्णताऊर्जेच्या दहापटीहून अधिक आहे.

२०१३ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील शास्त्रज्ञांनी या स्फटिकावर ध्रुवित प्रकाश टाकला. ध्रुवणाची दिशा बदलताच बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनची दिशाही बदलली. २०१४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील गटाने बिस्मथ सेलेनाइडमधील प्रवाहाने शेजारच्या निकेल-लोहाच्या थरातील चुंबकत्वाला जोरदार पीळ देता येतो, हे सामान्य तापमानाला दाखविले. २०१७ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात अशाच रचनेतील चुंबकत्व पूर्णपणे उलटविण्यात आले.

चुंबकत्वाची दिशा म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील शून्य किंवा एक. ती कमी प्रवाहात उलटली, तर वीज वाचेल आणि चिप कमी तापेल. या संशोधनाचे खरे मोल येथेच आहे.

अडचण आहे ती गाभ्याची. बिस्मथ सेलेनाइडमध्ये सेलेनियमचे काही अणू जागेवर नसतात. त्यामुळे गाभ्यात जादा इलेक्ट्रॉन येतात आणि प्रवाहाचा मोठा वाटा आतूनच निसटतो. अँटिमनी व टेल्युरियम मिसळून ही गळती बरीच कमी करता येते. पृष्ठभागाच्या गुणाचा लाभ हवा, तर आधी गाभा खऱ्या अर्थाने विद्युतरोधक व्हावा लागतो.