दोन खुणांमधला मजकूर

संगणकाच्या नोंदवहीचे, म्हणजे लॉग फाइलचे, एकक ओळ हे असले, तरी दफ्तरातील एखादे प्रकरण जसे एका बंदात क्वचितच आटोपते, तशी बिघाडाची हकिकतही अनेक ओळींवर पसरलेली असते. म्हणून तिचा आरंभ व अखेर ओळखून तेवढाच मजकूर उतरवून घेणे, हा एक स्वतंत्र हुन्नरच होऊन बसला.

त्याचे मूळ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सापडते. अठराव्या शतकातील ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या निबंधांपैकी कोणता कोणी लिहिला, याचा छडा लावू पाहणाऱ्या ली मॅकमहन यांचा मजकूर केन थॉम्पसन यांच्या ‘एड’ या संपादकात मावेना, तेव्हा थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास त्यातील शोधाचा भाग अलग काढून ‘ग्रेप’ सिद्ध केले. परंतु ग्रेपची नजर एका ओळीपलीकडे जात नसे. ती उणीव खुद्द मॅकमहन यांच्याच ‘सेड’ने भरून काढली: वाहत्या मजकुरात पहिली खूण दिसताच दार उघडावे, दुसरी दिसताच लावून घ्यावे. १९७७ मध्ये आलेल्या ‘ऑक’ने याच युक्तीला हिशेबाची जोड दिली.

ऑकही अपुरे पडू लागले, तेव्हा भाषाशास्त्राचे अध्ययन केलेल्या लॅरी वॉल यांनी मजकूर चाळणे, उतारे काढणे व अहवाल रचणे या प्रयोजनाने पर्ल ही भाषा घडविली आणि डिसेंबर १९८७ मध्ये ती सर्वांस खुली केली. सेड, ऑक, सी आणि शेल यांच्याकडून मिळेल ते निःसंकोच उचलणारी ही भाषा, रेखीवपणाच्या भोक्त्यांनी कितीही नाके मुरडली तरी, कचेरीतल्या अनुभवी कारकुनासारखी कामास चोख होती.

दोन खुणांमध्ये दोन टिंबे ठेवली, की प्रकरण उघडे आहे की मिटले, हे पर्ल स्वतःच ध्यानात ठेवते. अखेरची खूण आलीच नाही, तर मात्र फाइल संपेपर्यंतचा सारा मजकूर ती पदरात घालते. दोन टिंबांच्या या योजनेत आरंभाच्या ओळीतच अखेरचीही परीक्षा होते; त्यामुळे आरंभास व अखेरीस एकच तुटक रेघ मारणाऱ्या नोंदवहीत प्रकरण उघडताक्षणीच मिटते. तेथे तिसरे टिंब द्यावे, म्हणजे ती परीक्षा पुढच्या ओळीपासून सुरू होते.