डायनोसॉर नाहीत, तळेही नाही

खनिज तेलाविषयी दोन समजुती सुशिक्षितांतही घट्ट आहेत. तेल म्हणजे डायनोसॉरांचा अर्क, ही एक. ते जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले असते, ही दुसरी. दोन्हींचा निकाल लावायला आपले समुद्रातले तेलक्षेत्र, मुंबई हाय, पुरेसे आहे.

पहिलीला जाहिरातीने खतपाणी घातले. अमेरिकेतल्या सिंक्लेअर कंपनीने 1930च्या दशकात डायनोसॉर जाहिरातीत आणला. चिन्ह फर्मास होते, ते डोक्यात बसले. आता मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरचा समुद्रतळ पाहा. सह्याद्री ज्या लाव्ह्याने घडला त्याचा काळा पाषाण तिथे कुठे कुठे सर्वांत खाली आहे. तो ओतला गेला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या अखेरीस. आणि मुंबई हायला तेल पुरवणारे शेलचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) थर त्या पाषाणाच्या वर, म्हणजे नंतर साचले आहेत! त्यांत सापडतो तो वनस्पतींचा आणि सूक्ष्म सागरी जीवांचा अंश. प्राणवायू तुटपुंजा असलेल्या गाळात तो कुजण्याआधी गाडला गेला आणि खोलवर साधारण 60 ते 120 अंश सेल्सिअस उष्णतेत लाखो वर्षे शिजला. उष्णता फार वाढली असती तर हाती प्रामुख्याने वायूच लागला असता.

दुसरी समजूत जास्त नुकसान करते. तिचे समर्थक म्हणतात, तळे नसेल तर विहिरीतून तेल उसळते कसे? उसळते ते दाबामुळे. शेलमधून निघालेले तेल पाण्याहून हलके, म्हणून वर सरकत गेले. चुनखडीच्या बारीक छिद्रांत शिरले आणि वरच्या अभेद्य थराखाली अडकले. भिजलेल्या विटेत पाणी असते तसे ते खडकात असते. विहिरीने वाट दिली की कोंडलेला दाब ते ढकलतो. दाब ओसरला की समुद्राचे पाणी खडकात सोडून ढकलावे लागते, आणि तरीही बरेचसे छिद्रांना चिकटून राहते. जगभरच्या क्षेत्रांत सरासरीने एक-तृतीयांशच्या आसपासच तेल हाती येते.

म्हणून ‘साठा आटला’ ही भाषा फसवी आहे. 1974 साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या जहाजाने मुंबई हाय शोधले, 1976पासून तेल येऊ लागले, पुढे उत्पादन घसरले, पण खडकात आजही पुष्कळ तेल आहे. जानेवारी 2025मध्ये हे क्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी कंपनीने ब्रिटनच्या बीपी कंपनीला तांत्रिक मदतीसाठी नेमले, ते नवा साठा हुडकायला नव्हे, याच जुन्या क्षेत्राचे उत्पादन वाढवायला.